एका बोटाने दाखवता येतंय का? पावलाचं आणि नडगीचं स्ट्रेस फ्रॅक्चर ओळखायचं कसं आणि मग करायचं काय

सप्टेंबरमधला रविवार होता, सकाळचे साडेसात, लाँग रन संपवून मी पुणे विद्यापीठाच्या गेटबाहेर कठड्यावर बसलो, बूट काढला, मोजा काढला आणि उजव्या पावलावर, मधल्या बोटाच्या रेषेत तीनेक बोटं वर, अंगठ्याने जरा दाबलं तर डोळ्यांसमोर चांदण्या चमकल्या. अंगठा अर्धा इंच इकडे सरकवला की काही नाही, तिकडे सरकवला की काही नाही, परत त्या जागेवर आणला की शिव्या. मी स्वतःची समजूत काढली की लेस घट्ट बांधली असणार. या समजुतीची किंमत पुढे दहा आठवडे निघाली, आणि डिसेंबरच्या हाफ मॅरेथॉनचं बिब (छातीवर लावायचा नंबर) ड्रॉवरमध्ये पडून राहिलं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी नुकतंच पळणं, ट्रेक किंवा भरतीचं ग्राउंड चालू केलंय आणि पाय कुठेतरी दुखतोय पण "होईल बरं" म्हणून अंगावर काढणं चाललंय. मी डॉक्टर नाही, डॉक्टरांकडे उशिरा गेलेला माणूस आहे, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते डॉक्टरकडे वेळेत आणि नीट माहिती घेऊन पोचायला मदत म्हणून वाचा.

पायरी १: आत नक्की काय होतं ते दोन मिनिटं समजून घ्या

हाड जिवंत असतं, रोज थोडं खरवडलं जातं आणि थोडं नवीन भरलं जातं. तुम्ही एकदम पळायला लागलात की शरीराला कळतं इथे लोड वाढलाय, मग ते जुनं काढून जास्त मजबूत बांधायला घेतं, पण गोची अशी की काढायचं काम तीनेक आठवड्यांत उरकतं आणि भरायचं काम तीन-तीन महिने चालतं. आपल्या रस्त्यांसारखंच, खोदायला एक रात्र आणि बुजवायला पावसाळा संपेपर्यंत वाट बघा. या मधल्या काळात हाड तात्पुरतं कच्चं असतं आणि नेमकं तेव्हाच आपल्याला वाटत असतं की स्टॅमिना आला, आता वाढवू. दम लवकर वाढतो, स्नायूही बऱ्यापैकी लवकर तयार होतात, हाड सगळ्यात मागून येतं. म्हणून नवीन लोकांना हा त्रास बऱ्याचदा सुरुवात केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पुढे गाठतो, पहिल्या दिवशी नाही.

कुठे पडलात, आपटलात, पाय मुरगळला असं काही घडावं लागत नाही. तीच छोटी ठोकर हजारो वेळा एकाच जागी बसते आणि केसाएवढी चीर पडते, हेच स्ट्रेस फ्रॅक्चर. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने कवायत करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय पहिल्यांदा नोंदवले, तेव्हा एक्स-रे नावाची गोष्टच नव्हती, ती आली १८९५ ला, आणि मग कळलं की आत हाडाला चीर असते. सैनिकांच्या मार्चमुळे याला मार्च फ्रॅक्चर असंही जुनं नाव आहे.

पुण्यात हे कोणाला होतं ते बघायला लांब जायला नको. डिसेंबरच्या मॅरेथॉनसाठी जुलैत जागे झालेले आयटीवाले (मी यातलाच), पोलीस भरतीसाठी १६०० मीटर आणि ८०० मीटर मारणारी पोरं-पोरी, त्यातही सहा-आठ महिने अभ्यासिकेच्या खुर्चीत बसून मग ग्राउंडची तारीख लागल्यावर एकदम रोज दोन टाइम पळणारी, कात्रज ते सिंहगड नाइट ट्रेक तयारी न करता करणारे, आणि पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी तीस-बत्तीस किलोमीटर, वर दिवे घाट, सपाट चपलेत चालणारे हौशी वारकरी. नेहमीच्या वारकऱ्यांचे पाय वर्षभर शेतात चाललेले असतात, आपले लिफ्टमध्ये. आणि हो, जुलैमध्ये रनिंगही चालू केलं आणि ढोल पथकाचा सरावही, तर तुम्ही मनात ते दोन वेगळे छंद धरता पण हाड दोन्हीचा हिशोब एकाच वहीत मांडतं.

पायरी २: घरी करायची बोटाची टेस्ट

पलंगावर बसा, पाय मोकळा सोडा आणि स्वतःला विचारा, कुठे दुखतंय. तुम्ही अख्खा तळहात फिरवून "हे असं सगळं" असं दाखवलंत तर स्नायू, शिन स्प्लिंट (जास्त पळण्याने नडगीच्या कडेला होणारं दुखणं) वगैरे असण्याची शक्यता जास्त. एका बोटाच्या टोकाने "हे इथे" असं दाखवता आलं आणि ती जागा हाडावर आहे, दाबलं की कळ येते, तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर आहे असं धरूनच चाला, नाही असं कोणी तपासून सांगेपर्यंत.

नडगीत हा फरक सगळ्यात कामाचा आहे कारण नवीन पळणाऱ्यांची नडगी दुखतेच. शिन स्प्लिंट असेल तर नडगीच्या आतल्या कडेने, खालच्या भागात, पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखतो, पळायला सुरुवात केली की ठणकतं आणि अंग गरम झालं की बऱ्याचदा कमी होतं. फ्रॅक्चरमध्ये उलटा प्रवास असतो. आधी फक्त शेवटच्या किलोमीटरला, मग पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच किलोमीटरला, मग जिना उतरताना, मग नुसतं चालताना, आणि शेवटी रात्री झोपेत ठणका. दुखणं रोज थोडं थोडं आधी यायला लागलं की समजायचं. माझ्या फोनमधल्या रनिंग ॲपच्या नोट्समध्ये हे सगळं लिहिलेलं होतं, "आठव्या किमीला फूट पेन", "पाचव्याला", "वॉर्मअपलाच", मी लिहीत होतो आणि वाचत नव्हतो.

अजून दोन खुणा बघा. पावलाच्या वरच्या बाजूला हलकी सूज येते, चपलेचा पट्टा एका पायाला घट्ट वाटतो. आणि टाचेचं असेल तर टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून लिंबासारखी दाबा, कळ आली तर टाचेच्या हाडाचा संशय. टाचदुखीचा दुसरा नेहमीचा प्रकार, प्लांटर फॅसायटिस (तळव्यातल्या जाड पट्ट्याचं दुखणं), त्यात सकाळी उठल्यावरची पहिली पाच-दहा पावलं सगळ्यात वाईट असतात आणि मग सैल होतं, आणि दाबल्यावर तळव्याच्या बाजूने दुखतं, दोन बाजूंनी नाही.

लंगडी घालून बघा असंही लोक सांगतात, म्हणजे त्या पायावर दोन-तीन उड्या मारून त्याच जागी कळ येते का बघायचं. मला विचाराल तर बोटाने कळलं असेल तर उड्या मारायची काहीच गरज नाही, आणि जांघेत किंवा मांडीत दुखत असेल किंवा आधीच लंगडत असाल तर अजिबात मारू नका, चीर पूर्ण तुटू शकते.

पायरी ३: जागा कोणती, त्यावर घाई किती ते ठरतं

सगळी स्ट्रेस फ्रॅक्चर सारखी नसतात, आणि हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. काही हाडं विश्रांती मिळाली की गुमान भरून येतात. माझं तसलं होतं, पावलाच्या मधल्या लांब हाडांपैकी तिसरं, दुसरं-तिसरं हे पावलात नेहमी सापडणारे. नडगीच्या आतल्या-मागच्या कडेचं, घोट्याच्या वर बाहेरच्या बारीक हाडाचं आणि टाचेचं, हेही बहुतेक वेळा नीट भरतं.

पण काही जागा अशा आहेत की तिथे रक्तपुरवठा कमी असतो किंवा पळताना चीर मिटण्याऐवजी ताणली जाते, आणि तिथे एक दिवसही ढकलायचा नाही.

जांघेत खोल दुखतंय, वजन टाकलं की वाढतं, कधी नुसतं गुडघ्यात जाणवतं, तर ते खुब्याजवळच्या मांडीच्या हाडाच्या मानेचं असू शकतं. इथे त्याच दिवशी पायावर वजन टाकणं बंद, कुबड्या घ्या, ऑर्थोपेडिककडे जा. ते सरकलं तर ऑपरेशन, आणि पुढे सांध्याचं कायमचं दुखणं मागे लागू शकतं.

घोट्याच्या पुढे, पावलाच्या वरच्या कमानीवर, बुटाची जीभ जिथे बसते तिथे धूसर, नेमकं सांगता न येणारं दुखणं, हे नॅव्हिक्युलर नावाच्या छोट्या हाडाचं असतं. हा माझ्या बोटाच्या टेस्टचा अपवाद आहे, स्वतःला नीट जागा सापडत नाही, पण डॉक्टरने नेमक्या ठिकाणी दाबलं की सापडते. साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतही नाही.

पावलाची बाहेरची कड, करंगळीच्या हाडाचा मागचा भाग. नडगीची समोरची धार, मधोमध, खास करून उड्या मारणाऱ्या खेळाडूंमध्ये. घोट्याचं आतलं टेंगूळ. अंगठ्याच्या खालची मण्यांसारखी दोन छोटी हाडं. या सगळ्या जागा "बघू पुढच्या आठवड्यात" वाल्या नाहीत.

आणि काही गोष्टी फ्रॅक्चर नसून वेगळ्याच असतात. पळताना नडगी दगडासारखी कडक होते, पाऊल बधिर पडतं आणि थांबल्यावर थोड्या वेळात उतरतं, हे स्नायूंच्या कप्प्यातल्या दाबाचं प्रकरण असू शकतं. ताप आहे, न पळताही रात्रंदिवस दुखतंय, वजन उतरतंय, तर लगेच दाखवा. घरात कोणाला शुगर असेल आणि पाऊल लाल, गरम, सुजलेलं असूनही फारसं दुखत नसेल तर त्याला चांगलं लक्षण समजू नका, शुगरवाल्यांच्या पायाची जाणीवच कमी झालेली असते, त्यांनी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

पायरी ४: आज संध्याकाळी काय करायचं

पळणं बंद. "हळू पळतो", "फक्त तीन किलोमीटर", "ट्रेडमिलवर", असलं काही नाही, बंद म्हणजे बंद. चालताना लंगडावं लागत असेल तर चालणंही कमी, लागलं तर कुबडी किंवा काठी. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, पाय उशीवर. घरातही टणक तळाचा बूट किंवा सँडल घाला, मऊ स्लिपर चवड्यापाशी वाकते आणि नेमकी ती चीर वाकते.

आमच्या आईने आंबेहळद उगाळून लेप लावला. लावू दे, लेपाने काही बिघडत नाही आणि आईला बरं वाटतं, फक्त त्या जागी चोळू नका, मालिश नको, आणि हाडवैद्याकडे ओढून घ्यायला तर मुळीच जाऊ नका, सरकलेलं काही नाहीये जे बसवायचंय. आईचा दुसरा मुद्दा मात्र सगळ्या महाराष्ट्राचा आहे, "हाड मोडलंय तर चालतोयस कसा तू?" तर आई, चालता येतं. स्ट्रेस फ्रॅक्चर घेऊन लोक आठवडेच्या आठवडे चालतात, म्हणूनच ते सापडत नाही.

पेनकिलरबद्दल एकच. गोळी घेऊन झोपा, गोळी घेऊन पळू नका. दुखणं हाच तुमचा एकमेव मीटर आहे आणि तुम्ही त्याची वायर तोडताय. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी हाड भरायला अडथळा येतो की नाही यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत, त्यामुळे बरेच जण साधी पॅरासिटामॉल देतात. मेडिकलवाल्याला विचारून स्ट्रिपा आणू नका.

पायरी ५: डॉक्टरकडे काय सांगायचं, आणि नॉर्मल एक्स-रेची गंमत

इथे माझं खरं चुकलं. दुखायला लागल्यावर पाचव्या दिवशी मी एका दवाखान्यात गेलो, एक्स-रे काढला, रिपोर्ट नॉर्मल. "लचकलंय, क्रेप बँडेज बांधा, तीन दिवस आराम." मी मित्रांच्या ग्रुपवर फोटोसकट टाकलं, हाड ओके, आणि गोळ्या खात पुढचे दोन आठवडे पळलो, त्यात एक सोळा किलोमीटर.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. चीर इतकी बारीक असते की फिल्मवर येत नाही, शरीर तिच्याभोवती नवीन हाड घालायला लागलं की मग ते दिसतं. माझी दुसरी प्लेट अजून डोळ्यांसमोर आहे, डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, पावलाची पाच बारीक हाडं, आणि तिसऱ्याच्या मानेभोवती कापसाचा बोळा गुंडाळल्यासारखा पांढरट ढग. डॉक्टर म्हणाले, "हे बघा, तुमच्या शरीराने तुमच्याशिवायच काम सुरू केलंय." त्यांनी प्लेट बघायच्या आधीच पेनाच्या मागच्या टोकाने एकदा दाबून निदान केलेलं होतं.

म्हणून जाल तेव्हा हे सांगा, सांगितलं नाही तर तुम्ही "पाय दुखतो" वाले शंभरावे पेशंट असता. कधीपासून दुखतंय. त्याआधीच्या सहा आठवड्यांत काय बदललं, किलोमीटर किती होते आणि किती केले, बूट बदलले का, टेकडी सोडून रस्त्यावर आलात का. आधी असं झालंय का. महिलांनी पाळीबद्दल. कुठल्या गोळ्या चालू आहेत, विशेषतः बरेच दिवस स्टिरॉइड असतील तर. आणि सरळ विचारा, "डॉक्टर, हे स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं का?" कोणी रागावत नाही.

सगळ्यात पक्की तपासणी एमआरआय, त्यात चीर पडायच्या आधीची हाडाची सूजही दिसते. पण एक्स-रे काहीशे रुपयांत होतो आणि एमआरआयला काही हजार लागतात, त्यामुळे साध्या जागेचं असेल तर बरेच डॉक्टर म्हणतात, फ्रॅक्चर आहे असं धरून आराम करा, दोन-तीन आठवड्यांनी परत एक्स-रे काढू. हे बरोबर आहे, पैसे वाचतात. मात्र जांघ, नॅव्हिक्युलर असल्या जागेचा संशय असेल तर वाट बघणं परवडत नाही, तिथे एमआरआय किंवा सीटी लगेच. पैशाची अडचण असेल तर ससून या सरकारी रुग्णालयाची ऑर्थोपेडिक ओपीडी आहे, सकाळी लवकर जा, रांग असते, डबा न्या.

पायरी ६: आरामाचे आठवडे

साध्या जागेच्या फ्रॅक्चरला ऑपरेशन नाही, बऱ्याचदा प्लास्टरही नाही. पावलाच्या मधल्या हाडांना साधारण सहा ते आठ आठवडे, टणक तळाचा बूट किंवा तो गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा काळा वॉकर बूट. नडगीला बऱ्याचदा आठ ते बारा. नॅव्हिक्युलरला सहा आठवडे प्लास्टर आणि पाय जमिनीला टेकवायचाच नाही, काही वेळा स्क्रू घालतात. खुब्याजवळचं असेल तर वजन न टाकणं, आणि चीर वरच्या, ताणाच्या बाजूला असेल तर स्क्रू. हे आकडे सरासरी आहेत, तुमचं डॉक्टर ठरवणार.

आता पुण्यातली खरी अडचण, टू-व्हीलर. डाव्या पावलाचं असेल तर गिअरची गाडी विसरा, गिअर वर घेताना लिव्हर नेमका पावलाच्या वरच्या हाडावर बसतो. उजव्या पायाचं असेल तर मागचा ब्रेक. स्कूटरला गिअर नाही म्हणून मी हुशारी केली, आणि सिग्नलला गाडी कलली तेव्हा बूटवाल्या पायानेच टेकवली. त्यानंतर सहा आठवडे रिक्षा आणि बस, आणि बसमध्ये काळा बूट बघून लोक खरंच जागा देतात, पुणेकरांबद्दल काहीही म्हणोत. वॉकर बूटने एक पाय उंच होतो आणि कंबर धरते, दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट घाला. बाथरूमच्या ओल्या फरशीवर कुबडी घसरते, खाली रबर झिजलंय का बघा, आणि आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल. देशी संडासात उकिडवं बसताना चवडा वाकतो, घरी सोय नसेल तर बाजारात खुर्चीसारखा स्टँड मिळतो.

बूट किंवा प्लास्टर असताना एका पोटरीला अचानक सूज आली, गरम झाली, दुखायला लागली, किंवा धाप लागली, छातीत दुखलं, तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तडक इमर्जन्सी.

या काळात दम टिकवायचा असेल तर डॉक्टरांची परवानगी घेऊन पोहणं. खोल पाण्यात कमरेला फ्लोट बांधून पळायची ॲक्शन करायची, पाय तळाला लागत नाही आणि दम मात्र चांगलाच निघतो. मी टिळक तलावावर जायचो, आजूबाजूचे आजोबा विचारायचे पोहायला येत नाही का रे. सायकल दुखत नसेल तरच, आणि पॅडल चवड्याने न मारता पावलाच्या मधल्या भागाने.

पायरी ७: ताटात काय आहे ते बघा

हाड भरायला माल लागतो. मेसच्या डब्यावर राहणाऱ्या पोरांनी हे नीट वाचा, दोन पोळ्या, पाणीदार बटाट्याची भाजी आणि वर रोज आठ किलोमीटर, यात हाडाच्या वाट्याला काही उरत नाही. कॅल्शियम दिवसाला साधारण एक हजार मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, दूध-दही-ताक आहे, तीळ तर याबाबतीत फारच श्रीमंत, रोज दोन चमचे तिळाची चटणी काही महाग नाही. प्रोटीनसाठी अंडी, उसळी, डाळ, पनीर, जे चालतं ते.

व्हिटॅमिन डी ची रक्ततपासणी डॉक्टर बहुतेक सांगतातच. आपण उन्हाच्या देशात राहतो पण पहाटे साडेपाचला पळतो आणि दिवसभर एसीत किंवा अभ्यासिकेत, आणि पहाटेच्या कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण नसल्यातच जमा असतात, ते सूर्य वर आल्यावरचे असतात. कमी निघालं तर साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल मिळते, ती आठवड्यातून एकदा असते. परत लिहितो, आठवड्यातून एकदा. रोज घेऊन कॅल्शियम नको इतकं वाढवून ॲडमिट झालेले लोक असतात. सिगरेटने हाड उशिरा भरतं, डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, तुम्ही बोलू नका.

मुलींसाठी एक गोष्ट जी कोच लोक बोलत नाहीत. ट्रेनिंग वाढलं आणि पाळी लांबली किंवा बंद झाली तर "बरंच झालं, कटकट गेली" असं धरू नका. खाण्यापेक्षा खर्च जास्त होतोय, शरीराने हार्मोन खाली आणलेत, आणि हाड पातळ होतंय असा त्याचा अर्थ असू शकतो. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि ऑर्थोपेडिकलाही सांगा. मुलांमध्येही कमी खाण्याने हे होतं, फक्त त्यांना पाळीसारखी धोक्याची घंटा नसते.

पायरी ८: परत पळायला कधी

दुखायचं थांबलं म्हणजे हाड भरलं असं नाही, दुखणं आधी जातं. डॉक्टरांनी सोडल्यावरही या तीन गोष्टी जमायला हव्यात: त्या जागी दाबून दुखत नाही, रोजच्या कामात, जिन्यात दुखत नाही, आणि अर्धा तास झपझप चाललं तर त्या वेळी, रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही काही नाही. मग एक दिवसाआड, एक मिनिट जॉग चार मिनिटं चाल, असं सहा वेळा. जमलं तर पुढच्या वेळी दोन-तीन, मग तीन-दोन. मला हे बालवाडीत घातल्यासारखं वाटलं होतं, शेजारून लोक पळत जातात आणि आपण फोनमधल्या टायमरवर चालतोय. आधी वेळ वाढवा, मग बऱ्याच दिवसांनी वेग, आणि चढ-उतार सगळ्यात शेवटी, सिंहगडाचा उतार तर अगदी शेवटी, उतरताना नडगीवर आणि पावलावर फार बसतं. त्याच जागी कळ आली तर तिथेच थांबा, चालत घरी या.

भरतीची तारीख जवळ असलेल्यांना माझ्याकडे गोड उत्तर नाही. अर्धवट भरलेल्या हाडावर ग्राउंड मारलं तर वेळही येत नाही आणि चीर पूर्ण तुटून पुढची भरतीही जाऊ शकते. डॉक्टरांना तारीख स्पष्ट सांगा, एमआरआयवर नुकसान थोडं दिसलं तर कधीकधी हिशोब बसतो, पण तो हिशोब त्यांना करू द्या, ग्राउंडवरच्या सरांना नाही.

पायरी ९: मुळात का झालं ते शोधा, नाहीतर परत होणार

माझं कारण सापडायला दहा मिनिटं लागली. जुलैत वेताळ टेकडीवर मातीत पळत होतो, ऑगस्टमध्ये चिखल झाला म्हणून सिमेंटच्या रस्त्यावर आलो, त्याच आठवड्यात ग्रुपच्या नादाने तीनऐवजी पाच दिवस, आणि रविवारी दहाचे एकदम सोळा. सिमेंट वाईट आणि माती चांगली असं सरळ गणित नाही, बदल अचानक झाला ही भानगड. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास, आणि दर तीन आठवडे वाढवलं की चौथा हलका. बुटाचा तळ पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये दबून बसतो, वरून बूट नवे दिसले तरी. पावलं जरा छोटी आणि भरभर टाकली, मिनिटाला आता आहेत त्यापेक्षा पाचेक टक्के जास्त, तर प्रत्येक ठोकर हलकी होते. आठवड्यातून दोनदा पोटरी आणि मांडीचा व्यायाम, जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करणं फुकट आहे.

आणि दोन्ही एक्स-रे, रिपोर्ट, रक्ततपासणीचे कागद एका पिशवीत घालून ठेवा. पुन्हा कधी पाय दुखला तर नव्या डॉक्टरला पहिला प्रश्न पडतो, आधी कुठे झालं होतं. माझी पिशवी दाराच्या मागच्या खिळ्याला आहे, त्याच खिळ्याला कुबडी, ती सध्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलीये.